फोन फ्रीकिंग

फोन फ्रीकिंग : सार्वजनिक दूरध्वनी जालाची अंतर्गत रचना व त्यातील संदेशनपद्धती ऐकून आणि प्रयोग करून जाणून घेणे व घरी तयार केलेल्या प्रयुक्तींच्या साहाय्याने त्या जालात संचार करणे, असा हा छंद होय. विक्षिप्त किंवा एखाद्या गोष्टीने झपाटलेल्या माणसास इंग्रजीत ‘फ्रीक’ म्हणतात. या शब्दाचे आद्याक्षर बदलून त्याचे लेखन ‘फोन’ या शब्दाच्या लेखनाशी जुळविण्यात आले आणि त्यातून हे नाव रूढ झाले. ‘फ्री’ म्हणजे विनामूल्य, ही छटाही त्यात आपोआप आली. मात्र या छंदाकडे केवळ फुकट बोलण्याची युक्ती म्हणून पाहिल्यास त्याचे स्वरूप नीट कळत नाही. अनेक छंदिष्टांना दूरच्या गावी कोणाशीच बोलावयाचे नसे. तेथपर्यंत जोडणी कोणत्या मार्गाने जाते, हेच त्यांना ऐकावयाचे असे. १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या छंदाचा उगम झाला, १९६५ ते १९७५ हा त्याच्या भराचा काळ होता आणि ज्या संदेशनपद्धतीवर तो पोसला होता तिच्याबरोबरच तो मावळला.

पार्श्वभूमी : या काळी अमेरिकेतील बहुतेक दूरध्वनी सेवा अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी व तिच्या अंगभूत कंपन्या यांच्या हाती होती. या समूहास ‘बेल सिस्टिम’ म्हणत. केंद्रे, तारा, उपकरणांचे उत्पादन, संशोधन, इतकेच नव्हे तर ग्राहकाच्या मेजावरील यंत्रही याच समूहाच्या मालकीचे असे. ग्राहक ते भाड्याने वापरी आणि कंपनीने न पुरविलेली कोणतीही वस्तू त्यास जोडण्यास दरपत्रकातील नियमांनी मनाई होती. हा नियम कोठवर ताणला जाई हे ‘हश-अ-फोन’ प्रकरणावरून दिसते. बोलणाऱ्याचे शब्द शेजारच्यास ऐकू जाऊ नयेत म्हणून मुखपत्रावर बसवावयाचे ते एक वाटीवजा साधे आवरण होते. त्यात विजेचा संबंधही नव्हता. तरीही कंपनीने त्यास हरकत घेतली व संघीय संदेशवहन आयोगाने ती मान्य केली. अखेर १९५६ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. टेक्सस राज्यातील टॉमस कार्टर यांचे ‘कार्टरफोन’ हे उपकरण रेडिओ संच व दूरध्वनी यांचा ध्वनिद्वारा सांधा जुळवीत असे. त्यासंबंधी आयोगाने १९६८ मध्ये निकाल दिला आणि परकी साधने जोडण्यावरील सरसकट बंदी उठली.

म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेले दुसरे यंत्र स्वयंपाकघरात जोडून घेणारा साधा गृहस्थही त्या काळी नियमभंगच करीत होता. वाहिनीवर घंटीचा प्रवाह किती वाहतो हे मोजून कंपनी अशी यंत्रे हुडकून काढी. म्हणून लोक जादा यंत्राच्या घंटीची तारच काढून टाकीत. घरगुती दूरध्वनी प्रयुक्तींचा इतिहास येथून सुरू होतो. आपल्याच घरातील यंत्र उघडून पाहण्यास बंदी असलेल्या समाजात ते उघडून पाहणारे निर्माण झाले, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

संदेशनपद्धती : १० नोव्हेंबर १९५१ रोजी न्यू जर्सी राज्यातील एंगलवुडच्या महापौरांनी स्वतः क्रमांक फिरवून कॅलिफोर्नियातील अलामेडाच्या महापौरांशी संभाषण केले. ग्राहकाने चालिकेच्या मदतीवाचून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाशी बोलण्याचा हा प्रारंभ होता. तोपर्यंत लांब पल्ल्याची जोडणी चालिका एकमेकींशी बोलून करीत. आता हे बोलणे यंत्रांनी यंत्रांशी करावयाचे होते. त्यासाठी वेगळ्या तारा घालणे अतिशय खर्चाचे होते. म्हणून ज्या मार्गावरून मनुष्याचा आवाज जातो त्याच मार्गावरून यंत्रांच्या सूचनाही ऐकू येतील अशा स्वरांच्या रूपाने पाठवाव्यात, असे ठरले. पुढील पंचवीस वर्षांतील साऱ्या गोष्टी या एका काटकसरीतून उद्‌भवल्या.

या स्वरभाषेचे दोन भाग होते. दोन केंद्रांमधील मार्ग मोकळा असताना त्यावर २,६०० हर्ट्‌झ कंप्रतेचा स्वर सतत चालू असे आणि मार्ग वापरात आला की तो थांबे. म्हणजे या स्वराची उपस्थिती ही ‘मार्ग रिकामा आहे’ अशी खूण होती. क्रमांकातील अंक पाठविण्यासाठी ७००, ९००, १,१००, १,३००, १,५०० व १,७०० हर्ट्‌झ या सहा कंप्रतांपैकी दोन दोन एका वेळी वापरीत. उदा., ७०० व ९०० मिळून १, ९०० व १,३०० मिळून ५, तर १,३०० व १,५०० मिळून शून्य. क्रमांकाचा आरंभ व शेवट दर्शविणाऱ्या जोड्या निराळ्या असत. ग्राहकाच्या बटणांच्या यंत्रातील स्वर याहून वेगळे होते. केंद्राकेंद्रांमधील ही भाषा ग्राहकाने बोलावी अशी अपेक्षाच नव्हती. पण तो बोलू लागल्यास ओळखण्याचा उपायही यंत्राजवळ नव्हता. स्वर चालिकेच्या फलकावरून आला, की घरच्या मुखपत्रातून, हे त्याला कळण्यासारखे नव्हते.

अभियंत्यांनी ही भाषा गुप्त ठेवली नव्हती. बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात नोव्हेंबर १९५४ मध्ये एकस्वरी संदेशनाची माहिती देणारा लेख आला आणि नोव्हेंबर १९६० च्या अंकातील लेखात अंकदर्शक स्वरांच्या कंप्रताही छापून आल्या. हे नियतकालिक देशातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जात असे. वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने हे लेख वाचून १९६०–६१ च्या सुमारास आंदोलकांची एक पेटी तयार केली. १९६१ मध्ये ती कंपनीच्या हाती लागली. तिचे धातूचे आवरण निळे होते आणि त्यामुळे या प्रयुक्तीस ‘ब्ल्यू बॉक्स’ किंवा निळी पेटी हे नाव पडले. ज्ञान खुले ठेवण्याची शास्त्रज्ञांची सवय आणि ते ज्ञान आपल्या मालकीच्या यंत्रापुरतेच आहे हा कंपनीचा समज, यांचा मेळ येथे बसला नाही. यात दोष द्यावयाचाच तर तो लेखांना देता येत नाही. आवाज व आज्ञा एकाच मार्गावर ठेवणाऱ्या रचनेला द्यावा लागतो.

निळ्या पेटीचे कार्य पुढीलप्रमाणे चाले. छंदिष्ट प्रथम दूरच्या गावचा एखादा विनामूल्य क्रमांक फिरवी. दूरची जोडणी होताच तो पेटीतून २,६०० हर्ट्‌झचा स्वर क्षणभर वाजवी. पलीकडील केंद्रास वाटे की, बोलणाऱ्याने यंत्र खाली ठेवले व मार्ग रिकामा झाला. ते आपली जोडणी सोडून देई. स्वर थांबताच त्याच केंद्रास वाटे की, नवी मागणी आली आहे. ते अंकांची वाट पाहू लागे. मग पेटीतील बटणांनी हवा तो क्रमांक स्वररूपाने पाठविता येई. इकडे बोलणाऱ्याच्या गावचे केंद्र मात्र पहिलाच विनामूल्य क्रमांक चालू आहे असे समजून आकारणी करीत नसे. अशा रीतीने जालाच्या आत शिरलेल्या माणसाला चालिकेला मिळणारे जवळजवळ सर्व अधिकार मिळत. तो एका केंद्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा प्रवास करी आणि प्रत्येक सांध्यावर होणारा बारीक ‘चिर्र’ असा आवाज ऐकत राही.

अंध छंदिष्ट : या छंदाच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यातील अंध मुलांचे स्थान. यांपैकी जोसेफ एंग्रेसिया (१९४९–२००७) हे विशेष प्रसिद्ध आहेत. जन्मांध असलेल्या एंग्रेसिया यांना स्वरज्ञानाची असामान्य देणगी होती. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी ते एकदा दूरध्वनीवरील मुद्रित सूचना ऐकत शीळ घालीत होते. एका विशिष्ट स्वराला सूचना एकाएकी बंद पडली. त्यांनी तोच स्वर पुनःपुन्हा काढून पाहिला व प्रत्येक वेळी जोडणी तुटली. तो स्वर २,६०० हर्ट्‌झचा होता. पुढे हा स्वर मोजून तोडत तोडत अंकांचे स्पंद पाठविणेही त्यांना साधले. इतरांना ज्यासाठी पेटी लागे ते एंग्रेसिया केवळ ओठांनी करीत. साउथ फ्लॉरिडा विद्यापीठात शिकत असता ते सहाध्यायांना शीळ घालून दूरच्या जोडण्या करून देत. त्याबद्दल त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि ती बातमी वृत्तपत्रांतून देशभर पसरली. त्यातून अनपेक्षित असे घडले की, निरनिराळ्या गावी आपल्यासारखा दुसरा कोणी नाही असे समजून एकटेच हा उद्योग करीत बसलेले तरुण त्यांच्याशी संपर्क साधू लागले. कंपनीने उघडकीस आणलेल्या प्रकरणामुळेच विखुरलेले छंदिष्ट एकत्र आले.

डोळस मुलांच्या खेळांत ज्यांना फारसे स्थान नव्हते, प्रवास ज्यांना अवघड होता, अशा मुलांना दूरध्वनीचे जाल हा एक मोठा प्रदेश वाटला असल्यास नवल नाही. येथे दृष्टीचा उपयोग नव्हता. कान तयार असलेला माणूस पुढे जाई. कोणत्या गावचे केंद्र कोणत्या प्रकारचे आहे हे ते क्रमांक फिरविल्यानंतरच्या खटक्यांवरून, घंटीच्या पोतावरून, गुणगुणीवरून सांगत. एकमेकांना भेटण्यासाठी ते कंपनीच्याच चाचणीवाहिन्या वापरीत. तंत्रज्ञांच्या सोयीसाठी ठेवलेल्या अशा वाहिन्यांचे दोन क्रमांक आतून एकमेकांस जोडलेले असत. एकाने एक व दुसऱ्याने दुसरा फिरविल्यास आपला क्रमांक वा नाव न सांगता दोघांना बोलता येई. काही जुन्या केंद्रांत एकाच व्यस्त क्रमांकावर आलेल्या सर्वांना ‘व्यस्त’ ध्वनीच्या मधल्या विरामांत एकमेकांचा आवाज ऐकू जाई. त्या विरामांत एकेक शब्द टाकीत गप्पा चालत. कॅनडातील व्हँकूव्हर येथील एका चाचणीवाहिनीवर तर रात्रंदिवस अनेकांची सभाच भरत असे. पुढील काळात संगणकजालांवर ज्या प्रकारचे अनोळखी माणसांचे मेळावे भरू लागले त्यांचे हे एक पूर्वरूप म्हणावे लागेल.

प्रसिद्धी व तिचे परिणाम : एस्क्वायर या मासिकाच्या ऑक्टोबर १९७१ च्या अंकात रॉन रोझेनबाउम यांनी निळ्या पेटीवर लिहिलेला दीर्घ लेख हा या इतिहासातील वळणबिंदू होय. त्यातील ‘कॅप्टन क्रंच’ या टोपणनावाचे पात्र म्हणजे वायुदलातून निवृत्त झालेले इलेक्ट्रॉनिकी तंत्रज्ञ जॉन ड्रेपर. ‘कॅप’न क्रंच’ या नावाच्या न्याहारीच्या धान्याच्या डब्यात मुलांसाठी एक प्लॅस्टिकची शिट्टी देत. तिचे एक भोक बुजवून फुंकल्यास २,६०० हर्ट्‌झचा स्वर निघे. या शिट्टीचा शोध ड्रेपर यांनी लावला असे सर्रास सांगितले जाते. परंतु ती इतर छंदिष्टांना आधीच ठाऊक होती व ड्रेपर यांना ती त्यांच्याकडून कळली. पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दूरध्वनीची त्यांची गोष्टही अशीच प्रसिद्ध आहे. टोकिओ, भारत, ग्रीस, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व लंडन या मार्गाने शेजारच्याच यंत्राची घंटी वाजवून, आपलाच आवाज वीस सेकंदांनी ऐकल्याचे त्यांनी सांगितले. उपग्रहाच्या एका टप्प्यास सु. पाव सेकंद लागतो हे लक्षात घेता वीस सेकंदांचा आकडा विश्वसनीय वाटत नाही. मार्गाचे वर्णनही कथेसाठी कितपत वाढविले असेल, हा प्रश्न उरतोच. ड्रेपर यांना १९७२ मध्ये अटक होऊन प्रथम परिविक्षेची व १९७६ मध्ये पुन्हा दोषी ठरल्यावर कारावासाची शिक्षा झाली. नंतर त्यांनी ॲपल संगणकासाठी ‘ईझीरायटर’ हा लेखनसंस्करणाचा कार्यक्रम लिहिला.

हा लेख वाचणाऱ्यांत स्टीव्ह वॉझनिॲक हे कॅलिफोर्नियातील एक विद्यार्थी होते. लेखातील तपशील खरा असावा असे वाटून त्यांनी व त्यांचे तरुण मित्र स्टीव्ह जॉब्झ यांनी स्टॅनफर्ड येथील रैखिक वेगवर्धक केंद्राच्या ग्रंथालयात शोध घेतला व स्वरांची यादी मिळविली. प्रचलित आंदोलकांचे स्वर तापमानानुसार ढळत. म्हणून वॉझनिॲक यांनी अंकीय मंडलांवर आधारलेली पेटी तयार केली. बर्कली येथील वसतिगृहात खोलीखोलीतून प्रात्यक्षिके करून सु. १५० डॉलरना या पेट्या विकण्यात आल्या. ही पेटी नसती तर ॲपल ही संगणक कंपनी (स्थापना १९७६) निर्माण झाली नसती, असे जॉब्झ यांनी पुढे म्हटले आहे. या विधानात यशस्वी माणसाच्या आठवणीतील अतिशयोक्ती धरली, तरी अवाढव्य यंत्रणेवर दोन मुलांची हातात मावणारी वस्तू चालते, हा अनुभव त्यांना तिने दिला हे मान्य करावे लागते. यांपैकी एक पेटी कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

प्रसिद्धीबरोबर छंदाचे स्वरूप पालटले. १९७१ च्या जूनमध्ये ॲबी हॉफमन व त्यांचे सहकारी यांनी एक पत्रक सुरू केले. व्हिएटनाम युद्धाच्या खर्चासाठी १९६६ मध्ये दूरध्वनीवरील उत्पादनशुल्क वाढविण्यात आले होते, तेव्हा दूरध्वनीचे पैसे न देणे हा युद्धविरोधच होय, अशी त्यांची भूमिका होती. हे पत्रक १९७३ पासून ‘टॅप’ या नावाने निघू लागले. त्यातून निळ्या पेटीची भावंडेही लोकांपुढे आली. काळ्या पेटीत विद्युत्‌ रोधकासारखे एक-दोनच घटक असत. ती घरच्या यंत्रास जोडल्यास, दूरध्वनी उचलला गेल्याचे केंद्रातील आकारणीच्या अभिचालित्रास कळत नसे आणि समोरून बोलणाऱ्यास पैसे पडत नसत. सार्वजनिक यंत्रात टाकलेल्या नाण्यांच्या स्वरांची नक्कल लाल पेटी करी. जून १९७२ मध्ये रॅम्पार्ट्‌स या मासिकाने काळ्या पेटीची कृती छापली. त्यावर कंपनीने कायदेशीर कारवाई केली, विक्रीस गेलेले अंक परत घ्यावे लागले आणि आधीच डबघाईस आलेले ते मासिक १९७५ मध्ये बंद पडले. जुगाराच्या पैजा घेणाऱ्या धंदेवाईकांनी तर निळ्या व काळ्या पेट्या १९६०–७० या दशकातच जवळ केल्या होत्या. एका बाजूस जिज्ञासू मुले व दुसऱ्या बाजूस हे लोक, आणि हाती साधन मात्र एकच. कायद्याला हा भेद करता येत नव्हता. छंदिष्टांनीही तो नेहमी प्रामाणिकपणे पाळला असे नाही.

कंपनीचा प्रतिकार : या फसवणुकीविरुद्ध कंपनीने प्रामुख्याने १९५२ च्या तारेद्वारा केलेल्या फसवणुकीसंबंधीच्या संघीय कायद्याचा आश्रय घेतला. पण खटला भरण्यासाठी पुरावा हवा आणि पुराव्यासाठी ऐकणे भाग होते. १९६४ ते १९७० या काळात ‘ग्रीनस्टार’ या गुप्त योजनेखाली कंपनीने काही मोठ्या शहरांतील सु. ३ कोटी ३० लक्ष दूरध्वनींवर यंत्रांद्वारे पाळत ठेवली व त्यांपैकी १५ ते १८ लक्ष संभाषणांचे अंश ध्वनिमुद्रित केले. यांतील बहुसंख्य माणसांचा पेट्यांशी काडीमात्र संबंध नव्हता. १९७५ मध्ये सेंट लुइस येथील एका दैनिकाने ही योजना उघडकीस आणली, तोपर्यंत त्याचा कोणास पत्ता नव्हता. स्वतःच्या मालमत्तेच्या संरक्षणार्थ वाहिनी ऐकण्याची मुभा १९६८ च्या कायद्याने संदेशवहन कंपन्यांना दिली होती. तीवर कंपनीची भिस्त होती. काहीशे वा काही हजार लबाडांना पकडण्यासाठी लाखो निरपराधांचे खाजगी बोलणे साठविणे ही गोष्ट मूळ अपराधाहून गंभीर होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. फोन फ्रीकिंगच्या रंजक कथांत या प्रकरणास फारच थोडी जागा मिळते.

इतर देश : ग्रेट ब्रिटनमध्ये अंतर्गत लांब पल्ल्याच्या मार्गांवर २,२८० हर्ट्‌झचा स्वर वापरीत असल्याने तेथील पेट्या वेगळ्या होत्या. तेथे दूरध्वनी सेवा डाक खात्याकडे होती. विद्यापीठांत शिकलेल्या तरुणांच्या एका गटावर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १९७३ मध्ये खटला चालला. काहींनी गुन्हा कबूल केला, तर तो नाकारणाऱ्यांपैकी अनेकांची निर्दोष मुक्तता झाली. भारतात ग्राहकाने स्वतः लांब पल्ल्याचा क्रमांक फिरविण्याची सोय १९६० मध्ये कानपूर–लखनौ या मार्गावर सुरू झाली, पण तिचा प्रसार सावकाश झाला. दूरच्या गावी बोलावयाचे तर ‘ट्रंक कॉल’ नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. मार्गावरील स्वरांशी खेळावे अशी परिस्थितीच येथे नव्हती. तथापि त्याच तत्त्वावरील एक घरगुती युक्ती मुंबई-पुण्याकडील अनेक घरांना परिचित होती. बिल वाढू नये म्हणून यंत्राच्या तबकडीस छोटे कुलूप घालीत. तबकडी फिरते तेव्हा ती वाहिनीतील प्रवाह अंकाइतक्या वेळा तोडते एवढेच. तेव्हा यंत्राच्या खटक्यावर बोटाने तितक्याच टिचक्या वेगाने मारल्यास कुलूप तसेच राहून क्रमांक लागे. शून्यासाठी दहा टिचक्या माराव्या लागत व त्यातच बहुधा चूक होई.

ऱ्हास : पेट्यांवरील खरा उपाय पोलीस वा न्यायालये यांच्या हाती नव्हता. आज्ञांचा मार्ग आवाजापासून वेगळा करणे हाच तो उपाय होता. मे १९७६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन व शिकागो यांच्यामध्ये अशी पहिली व्यवस्था सुरू झाली. तीत संदेशन स्वतंत्र दत्तमार्गावरून होई आणि संभाषणमार्गावर कोणी कितीही शीळ घातली तरी ती केवळ शीळच राही. जाल प्रचंड असल्याने बदलास बराच काळ लागला. १९८४ मध्ये बेल सिस्टिमचे विभाजन झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधून ‘२६००’ या नावाचे नियतकालिक निघू लागले, परंतु तोवर त्याच्या वाचकांचे लक्ष दूरध्वनीकडून संगणकाकडे वळू लागले होते. केंद्रांचे आवाज निव्वळ हौसेखातर ध्वनिफितींवर टिपून ठेवणाऱ्या काही छंदिष्टांच्या फिती उपलब्ध आहेत. नष्ट झालेल्या त्या यंत्रणेच्या अभ्यासकास त्यांच्याइतके चांगले साधन खुद्द कंपनीच्या दप्तरातही सापडणे कठीण.

एंग्रेसिया यांना १९७१ मध्ये मेंफिस येथे अटक होऊन किरकोळ दंड झाला. दूरध्वनी कंपनीत नोकरी करावी ही त्यांची लहानपणापासूनची इच्छा होती. पुढे डेन्व्हर येथे त्यांना जालातील दोष कानाने शोधून काढण्याचे काम मिळाले. १९९१ मध्ये त्यांनी ‘जॉयबबल्स’ असे नाव कायदेशीरपणे धारण केले. त्यांचे अखेरचे वास्तव्य मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस येथे होते. त्याच राज्याच्या उत्तर भागातील वाविना या खेड्याकडे जाणाऱ्या दूरध्वनी मार्गावर जुनी स्वरपद्धती सर्वांत शेवटपर्यंत टिकून होती. १५ जून २००६ रोजी ती बदलण्यात आली.